पाठीवरचं न प्यायलेलं पाणी

मी पाठीवरची सॅक बोलतेय. पाण्याची सॅक. शाळेच्या दप्तराशी किंवा प्रवासाच्या बॅगेशी माझी गल्लत करू नका, आधीच सांगून ठेवते. माझ्या पोटात एक मऊ पिशवी असते, तिच्यात पाणी भरतात. तिथून एक नळी निघून खांद्याच्या पट्ट्यावरून पुढे येते, आणि चालणाऱ्याने तिचं टोक दातात धरून ओढलं की पाणी थेट तोंडात. थांबायला नको, की बाटलीचं झाकण शोधायला नको. दिवसभर डोंगरात चालणाऱ्या माणसांसाठी मला बनवलंय.

सध्या मी दाराजवळच्या खुंटीवर लटकतेय. घर अजून उठायचंय. तेवढ्यात माझं सगळं सांगून घेते. जरा भरभर सांगेन, कारण मला एका जागी चैन पडत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. ओळीने शिलाई मशीनं आणि प्रत्येक मशीनवर एक बाई. त्या शेडमध्ये कुणाला बाहेर जाऊन यायचं असेल तर मुकादमाच्या टेबलावरची लाकडी पट्टी उचलावी लागे, आणि पट्टी सगळ्यांत मिळून एकच. ती कुणी नेली की बाकीच्या पाय घट्ट आवळून मशीन चालवत राहायच्या. मला शिवणाऱ्या बाईने माझा शेवटचा टाका तसाच, पट्टीकडे डोळे लावून घातला. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. ती घाईत आहे एवढंच कळलं, आणि ती घाई माझ्या अंगात शिरली ती कायमची.

तिथून आले दुकानात. जीव टांगणीला लागतो म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. आकडीवर लटकून दिवस काढलेत मी. दार उघडलं की वाटायचं, हाच माझा माणूस. आणि तो माणूस शेजारचा तंबू बघून निघून जायचा.

माणसं सॅक घेताना काय काय करतात हे बघायला मात्र मजा यायची. कुणी उगाच चेन पन्नास वेळा उघडबंद करायचं. कुणी आत नाक खुपसून वास घ्यायचं. एक गृहस्थ तर सगळ्यात हलकी सॅक कुठली म्हणून दुकान पालथं घालून गेले, आणि स्वतःचं पोट दोन्ही हातांनी सावरत पायऱ्या उतरले. दुकानदार त्यांना काही बोलला नाही. तो भला माणूस होता. त्याचा एकच नियम होता: सॅकमध्ये पाणी भरायचं, गिऱ्हाइकाच्या पाठीवर द्यायची आणि त्याला माळ्याच्या जिन्यावरून वरखाली करायला लावायचं. "सॅक उभ्याने घ्यायची नसते, चढून घ्यायची," असं तो म्हणायचा.

माझ्या शेजारी एक निळी सॅक होती. भारी टेचात असायची. तिला कप्पेच कप्पे, आणि पाठीमागे एक पारदर्शक खिडकी. आत किती पाणी उरलंय ते त्या खिडकीतून बाहेरच्यालाही दिसायचं. गिऱ्हाइकं तिच्यावर भाळायची. माझ्याकडे दाखवण्यासारखं काय होतं? साधं राखाडी कापड. पण मी हलकी होते, आणि पाठीला अशी चिकटून बसायचे की घालणाऱ्याला माझा विसर पडावा.

एके दिवशी दोघी जणी आल्या. एक शांत, रुंद खांद्यांची, केस पिकलेले. दुसरी तिच्याहून लहान, चपळ, गळ्यात दोरीला शिट्टी आणि हातात ही मोठी काळी छत्री. दोघी नणंद-भावजय. धाकटी, म्हणजे नणंद, शाळेत खेळ शिकवायची, आणि पोरांनी तिचं नाव शिट्टी ठेवलं होतं. घरातही तेच चिकटलं. तोंडाचा पट्टा असा की गळ्यातल्या शिट्टीला काही कामच उरू नये. ती थोरलीला वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

"ही निळी घे वहिनी," शिट्टी आल्या आल्या म्हणाली. "खिडकी बघ किती छान आहे. मी मागून चालताना मला लगेच कळेल किती प्यायलीस ते."

वहिनीने निळी पाठीवर घेतली, जिना चढली, उतरली. मग मला घेतलं. चढली, उतरली. आरशात पाठ वळवून बघितली.

"ह्यातलं पाणी बाहेरून दिसत नाही ना?" तिने दुकानदाराला विचारलं.

"नाही दिसत. हात लावून अंदाज घ्यावा लागतो. तेवढी एक उणीव आहे."

"हीच द्या."

"अगं, पण कप्पे नाहीत, काही नाही," शिट्टी कुरकुरली.

"नाकापेक्षा मोती जड कशाला? हलकी आहे. हीच बरी."

मी जी फुगले म्हणता! निळीकडे तिरक्या नजरेने बघून घेतलं. हलकेपणाची कदर करणारं कुणीतरी भेटलं, असं वाटलं मला. पहिल्यांदा जो प्रश्न तिने विचारला, त्याकडे मी साफ कानाडोळा केला.

घरी आल्यावर हळूहळू सगळं कळलं. वहिनीने अख्खी नोकरी बस चालवण्यात काढली होती. गावातून निघायचं, डोंगराला वळसा घालून पलीकडच्या खोऱ्यातल्या शेवटच्या थांब्यावर जायचं, की परत. जाताना तो डोंगर उजव्या हाताला, परतताना डाव्या. निवृत्त झाली त्या दिवशी तिने घरात जाहीर केलं होतं, "जन्मभर ह्याच्याभोवती फेऱ्या मारल्या. आता एकदा त्याच्या धारेवरून आडवं चालत जायचं आणि शेवटच्या थांब्यावर पायी उतरायचं."

पण घोडं अडलं होतं तिच्या तब्येतीपाशी. मूतखड्यांनी तिचं एक मूत्रपिंड कायमचं निकामी केलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आहे ते एक सांभाळा. डोंगर चढा, माझी ना नाही, पण पाणी घोटाघोटाने सतत पोटात गेलं पाहिजे. हेही गेलं तर आठवड्यातले निम्मे दिवस इथे मशीनला जोडून पडावं लागेल." म्हणून शिट्टीने अट घातली होती: पाणी पिणार असशील तर मी बरोबर येते, आणि मी बरोबर नसले तर तू जायचं नाहीस. त्या अटीपायी मी घरात आले.

सराव सुरू झाला. सकाळी शिट्टी मला काठोकाठ भरायची आणि दोघी गावाबाहेरच्या टेकड्यांवर निघायच्या. शिट्टी पुढे, छत्री फिरवत, अखंड बोलत. मागे वहिनी, पाठीवर मी.

"वहिनी, पितेस ना?"

"हो."

मागे वळून बघितलं तर नळी वहिनीच्या तोंडात. शिट्टी खूश. पण माझं काय? नळी नुसती दातात धरलेली असायची. ओढत कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, विसरली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, तहान नसेल. चौथ्या-पाचव्या दिवशी माझा धीर सुटला. तिच्या पाठीचा घाम माझ्या कापडात मुरत होता, तिचे ओठ सुकत होते, श्वास कोरडा येत होता, आणि मी तुडुंब भरून डुचमळत होते. मला तोंड असून नसल्यासारखं. दुसऱ्याने ओढल्याशिवाय माझ्यातून थेंब बाहेर पडत नाही.

घराच्या अलीकडच्या वळणावर रोज एक नाटक व्हायचं. "बुटात खडा गेलाय, तू हो पुढे," असं म्हणून वहिनी थांबायची, आणि शिट्टी वळली की माझं झाकण उघडून सगळं पाणी कुंपणाच्या झुडपांत ओतायची. घरी शिट्टी मला दाबून बघायची. "शाब्बास, सगळं संपवलंस." ती झुडपं मात्र त्या दिवसांत चांगली तरारली.

तेव्हा मला दुकानातला तो प्रश्न आठवला. तिने मला हलकी म्हणून घेतलंच नव्हतं. मी आतलं दाखवत नाही म्हणून घेतलं होतं. सांगते, फार वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण टेकड्या छोट्या होत्या आणि डोंगराचा दिवस ठरला होता.

तो दिवस उजाडला. चढण संपून आम्ही धारेवर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. धार उघडीबोडकी. दोन्ही बाजूंना उतार, मध्ये एकच पायवाट, ना झाड ना मोठा दगड. पुढची माणसं मुंग्यांएवढी होईपर्यंत दिसत राहायची, मागचीही. वहिनी डावीकडे बघत होती. खाली, खूप खाली, तिचा रस्ता दिसत होता आणि त्यावरून एक बस चालली होती. ती हसली, आणि लगेच कमरेवर हात दाबला.

मी आत धडका मारत होते. पी ना गं, पी. माझ्या वजनाने तिचे खांदे ओढले जात होते, नि त्याच वजनात तिचं औषध होतं. पाऊल वाकडं पडायला लागलं. पोटरीत गोळा आला. मग ती वाटेतच खाली बसली, आणि बसल्या बसल्या कलंडली.

शिट्टी पळत आली. पहिल्यांदा तिने माझे पट्टे सोडवले, वहिनीची पाठ मोकळी केली. मला उचललं, आणि तिचा हात तसाच खाली गेला.

"ही तर भरलेली आहे."

वहिनी डोळे मिटून पडली होती.

"वहिनी, सकाळी मी भरली तेवढीच आहे ही. मी दर थोड्या वेळाने मागे बघत होते. नळी तोंडात होती तुझ्या."

"होती."

"मग?"

"ओढली नाही."

"आजच?"

"कधीच नाही."

शिट्टीचं बोलणं आयुष्यात पहिल्यांदा बंद पडलं असेल. तिने छत्री उघडून वहिनीच्या डोक्यावर धरली.

"का पण?" तिने शेवटी विचारलं. "जीव द्यायचाय का?"

"जीव कुणाला द्यायचाय? धार ओलांडायचीय मला." वहिनी हळू बोलत होती. "बघ ना इथे. एक झुडूप तरी आहे का? पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठे?"

"एवढ्यासाठी?"

"तुला एवढंच वाटतं. मी नोकरीला लागले तेव्हा शेवटच्या थांब्यावर बायकांची काही सोय नव्हती. पुरुष भिंतीमागे जाऊन यायचे. मी एकदा अर्ध्या वाटेत बस बाजूला घेतली आणि झाडीत जाऊन आले. परत आले तर सगळी बस माझ्याकडे बघत होती. मागून एक जण म्हणाला, ह्यांची टाकी रिकामी व्हायला आपण खोळंबायचं, म्हणून बायकांच्या हाती बस देऊ नये. सगळे हसले. आमचा कंडक्टरसुद्धा हसला. मी बस सुरू केली आणि नेली. त्या दिवसापासून ड्युटीवर पाण्याला शिवले नाही. घरी येऊन एकदम प्यायचं. आता इच्छा झाली तरी घोट उतरत नाही. अजून कुणीतरी मागे बसलंय असं वाटतं."

"मला का नाही सांगितलंस? मी इतकी बोलते तुझ्याशी."

"तूच बोलतेस. माझा नंबर कधी लागतो?"

शिट्टीने मान खाली घातली. मग तिने माझी नळी पुसली, वहिनीच्या तोंडाशी नेली आणि म्हणाली, "ओढ. मागे कुणी नाही. मी आहे. पुढचं मी बघते."

वहिनीने ओढलं. पहिला घोट तोंडात बराच वेळ राहिला. मग खाली गेला. मग दुसरा. मला कसं वाटलं काय सांगू तुम्हाला? त्या शेडमध्ये, दुकानात, टेकड्यांवर, ज्याची घाई झाली होती ते हेच होतं. शिट्टीने खिशातून मीठसाखरेची पुडी काढून तळहातावर धरली, वहिनी ती चाटत गेली आणि पीत गेली. माझा भार उतरत होता, आणि तिच्या तोंडावर रंग परत येत होता.

छत्रीखाली दोघी बराच वेळ बसून राहिल्या. शेवटी जे व्हायचं ते झालंच. वहिनी अवघडून म्हणाली, "बघ. आता जावं लागणार."

"मग जा की."

"कुठे?"

शिट्टी उठली. तिने वाटेच्या जरा खाली, उताराच्या बाजूला ती मोठी छत्री आडवी धरली, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या कमरेला बांधलेला रेनकोट सोडून, पसरून हातात घेतला. तेवढ्यात मागून एक कुटुंब येताना दिसलं, एक वयस्क गृहस्थ, त्यांची सून आणि मुलगा. वहिनी लगेच आखडली. शिट्टीने गळ्यातली शिट्टी तोंडात घेऊन अशी जोरात फुंकली की तिघं जागच्या जागी उभे राहिले.

"जरा थांबा तिथेच," ती ओरडली. "तोंड पलीकडे करा."

सगळ्या डोंगरावर ऐकू गेलं असेल. वहिनीने डोळे घट्ट मिटून घेतले. आता कुणीतरी हसणार, असं मलाही वाटलं. पण ते वयस्क गृहस्थ म्हणाले, "होऊ द्या सावकाश. मला टेकायला निमित्तच हवं होतं." आणि तिघं पाठ करून खाली बसले. त्यांनी केळी सोलायला घेतली.

एवढंच. दुसरं काही झालं नाही. ते केळी खात बसले होते आणि वहिनी छत्रीमागे रडत होती. नंतर ती बाहेर आली तेव्हा त्यांनी तिलाही एक केळं दिलं.

परत फिरण्यापेक्षा पुढे जाणं जवळ होतं. दोघी सावकाश निघाल्या. आता वहिनी पुढे होती आणि शिट्टी मागे, गप्प. दर थोड्या वेळाने नळी ओढली जायची, आणि मला कळायचं की ओढली गेली. उन्हं कलता कलता आम्ही शेवटच्या थांब्यावर उतरलो.

बस उभी होती. चालकाच्या सीटवर एक तरुण मुलगी, वहिनीच्याच रूटवरची. वहिनी बसच्या पायरीवर चढली आणि तिची नजर त्या मुलीच्या शेजारच्या बाटलीवर गेली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. मी ओळखलं. वहिनीनेही ओळखलं.

"दिवसभर प्यायली नाहीस ना?"

मुलगी चपापली. "घरी गेल्यावर पिते मावशी. सवय आहे."

"इथे सोय झालीय ना आता?"

"झालीय, पण कुलूप असतं. किल्ली पलीकडच्या दुकानात. आणायला गेलं की उशीर होतो, मग लोक ओरडतात."

"जा. किल्ली घे, जाऊन ये. येताना पाणी पिऊन ये. बस मी धरते. मी ह्याच गाडीवर होते."

मुलगी किल्ली आणायला पळाली. वहिनी तिच्या सीटवर बसली. पाठ टेकल्यामुळे मी तिच्या आणि सीटच्या मध्ये चेपले गेले. गाडी बंद होती. तिने हात स्टिअरिंगवर ठेवले, बहुतेक सवयीने. मागे माणसं बसली होती, पिशव्या घेतलेली, दमलेली, घरी जायच्या घाईची.

"अहो, वेळ होऊन गेली," मागून आवाज आला. "ड्रायव्हर कुठे गेली?"

वहिनीचे खांदे ताठ झाले. माझ्या पट्ट्यांना ते कळलं. शिट्टी पायरीवर उभी होती, तिचं तोंड उघडलंही होतं. पण वहिनीच वळली.

"पाणी प्यायला गेलीय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "येईल. तोवर बस थांबणार आहे."

मग तिने माझी नळी तोंडात घेतली आणि सगळ्या बसकडे पाठ करून, त्याच सीटवर बसून, ओढायला सुरुवात केली. ओढतच राहिली. माझ्यातलं पाणी संपत आलं की नळीतून खळाखळा आवाज येतो, फार काही नाजूक नसतो तो. शांत बसमध्ये मागच्या बाकापर्यंत गेला. कुणी हसलं नाही. मी पहिल्यांदाच तिच्या पाठीवर रिकामी झाले होते.

त्याला आता बरेच दिवस झाले. माझ्या पट्ट्याची शिवण उसवली होती, ती शिट्टीने जाड दोऱ्याने वेडीवाकडी घातली. नळी पिवळी पडलीय. डॉक्टर म्हणतात, आहे ते शाबूत आहे, पण नजर ठेवायची. वहिनी अजूनही कधीकधी नळी नुसती दातात धरून चालते, आणि मग तिचं तिलाच आठवतं. शिट्टी अजूनही बोलते, पण मध्येच थांबून विचारते, "तुझं काय चाललंय?"

तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या माणसाला "पितेस ना?" विचारून "हो" ऐकून पुढे जाऊ नका. एकदा त्याच्या पाठीवरची पिशवी उचलून बघा. आणि तुम्ही बसमध्ये मागे बसलेले असाल नि ती थोडी थांबली, तर थांबा.

ऐका, आत नळ सुरू झाला. वहिनी उठलीय. मला भरायला येतेय. चला, जाते मी. आज पुन्हा रिकामं व्हायचंय.